नाशिकच्या पार्किंगमध्ये आइस हॉकीचा शॉट : स्टिकच्या निवडीपासून लेहच्या बर्फापर्यंत

नाशिकमध्ये बर्फ भेटतो तो रसवंतीत आणि गोळ्याच्या गाडीवर. त्यामुळे आइस हॉकीचं नाव काढलं की समोरचा आधी विचारतो, "अहो, पण खेळणार कुठे?" प्रश्न रास्त आहे. पण शॉट सुधारायला रोज रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, लागत नाही. कॅनडातली मुलंसुद्धा शॉटचा मोठा सराव घरामागच्या गॅरेजसमोर करतात, कारण रिंकवर मिळणारा वेळ स्केटिंग आणि सामन्यातच संपतो. इनलाइन स्केट्सवर, म्हणजे एका रांगेत चाकं असलेल्या बुटांवर, हॉकी खेळणाऱ्या आणि हिवाळ्यात बर्फावर उतरायचा बेत असलेल्या इथल्या मुलामुलींसाठी, आणि त्यांच्या पालकांसाठी, हे लिहितो आहे.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पकला, म्हणजे या खेळात चेंडूऐवजी असलेल्या रबरी चकतीला, वेग दंडातून मिळत नाही. स्टिक वाकते आणि झटक्यात सरळ होते, त्यातून तो मिळतो. स्टिक वाकवायला अंगाचं वजन लागतं, आणि वजन पायांतून येतं. जिममध्ये दंड कमावलेला मुलगा फुसका शॉट मारतो आणि त्याच्या शेजारची पन्नास किलोची मुलगी पक जाळीत सणकन घालते, त्याचं कारण हेच.

स्टिक : आकडा बघून घ्या, रंग बघून नाही

स्टिकच्या दांड्यावर एक आकडा छापलेला असतो : ५०, ६५, ७५, ८५. हा फ्लेक्स. दांडा एक इंच वाकवायला किती पौंड जोर लागतो, ते तो सांगतो. प्रचलित हिशेब असा की आपलं वजन पौंडांत घ्यावं आणि निम्मं करावं. आपल्यासाठी सोपी युक्ती म्हणजे वजन किलोत जेवढं, फ्लेक्स साधारण तेवढाच. साठ किलोच्या खेळाडूला साठ ते पासष्टचा फ्लेक्स पुरतो. सराव नवा असेल तर पाचेक आकडे खालचा घ्या. मोठी माणसं हटकून सीनियर स्टिक घेतात, ८५ ची, आणि मग ती त्यांच्याकडून वाकतच नाही. आपल्याकडच्या बऱ्याच मोठ्यांना इंटरमीजिएट, म्हणजे किशोरांच्या मापाची, स्टिक बरी पडते. त्यात कमीपणा काही नाही.

उंची मोजताना स्केट्स घालून उभे राहा, स्टिक समोर उभी धरा, टोक हनुवटीपाशी आलं पाहिजे. अनवाणी मोजलीत तर नाकाच्या शेंड्यापाशी. जास्तीची कापता येते, पण कापली की दांडा कडक होतो. ६५ ची स्टिक दोन-तीन इंच कापली तर ती ६५ ची राहत नाही. म्हणून कापायचीच असेल तर मुळात थोडा मऊ फ्लेक्स घ्या. आणखी एक, पार्किंगमध्ये बूट घालून सराव करणार असाल तर स्केट्सची उंची वजा होते आणि तीच स्टिक लांब पडते. त्यासाठी एखादी जुनी स्टिक कापून वेगळी ठेवलेली चांगली.

ब्लेडचा, म्हणजे स्टिकच्या खालच्या चपट्या पात्याचा, बाक पहिल्या स्टिकला मध्यम असू द्या. दुकानदार ज्याला पी९२ किंवा पी८८ म्हणतो तो. टोकाशी फार उघडलेला बाक हाताशी धरलात तर पक छताकडे जायला शिकेल आणि बॅकहँड, म्हणजे ब्लेडच्या उलट्या बाजूने मारायचा शॉट, कायमचा रुसेल.

आता डावी की उजवी? नाशिकमधल्या बहुतेक मुलांच्या हातात आधी क्रिकेटची बॅट आलेली असते. उजव्या हाताचा फलंदाज डावा हात वर आणि उजवा खाली धरतो, मैदानी हॉकीतही तसंच. त्यामुळे आइस हॉकीची स्टिक दिली की तो आपोआप उजव्या बाजूने खेळतो. पण या खेळात दोन्ही बाजूंच्या स्टिक मिळतात, आणि कॅनडात उजव्या हाताची कितीतरी माणसं डाव्या बाजूने खेळतात. म्हणजे उजवा, कुशल हात वर. कारण एका हातात स्टिक राहते तेव्हा ती वरच्या हातात राहते, वळवणं-फिरवणं तोच करतो. माझं मत असं : मूल दहा-बारा वर्षांचं असेल तर दोन्ही बाजू आठवडाभर खेळवून बघा आणि त्यालाच ठरवू द्या. वीस वर्षं स्क्वेअर कट मारलेल्या माणसाने मात्र या भानगडीत पडू नये.

जागा, पक आणि जाळी

पक म्हणजे व्हल्कनाइझ्ड रबराची चकती, तीन इंच व्यासाची, एक इंच जाड, १५६ ते १७० ग्रॅम वजनाची. आकडा लहान वाटतो, पण ती काचेवर बसली तर काच राहत नाही आणि नडगीवर बसली तर माणूस राहत नाही. म्हणून गच्चीवर, मागे पूर्ण जाळी असल्याशिवाय, सराव करायचा नाही. कठड्यावरून सुटलेला पक चार मजले खाली कुणाच्या डोक्यात जाईल सांगता येत नाही. सोसायटीचं पार्किंग सकाळी दहानंतर, गाड्या कामावर गेल्या की, मोकळं होतं. वॉचमनकाकांना आधी सांगून ठेवा आणि भिंतीकडे तोंड करून मारा.

उघड्या काँक्रीटवर पक अडखळतो आणि ब्लेडची धार महिन्याभरात कानशीने घासल्यासारखी झिजते. प्लास्टिकची गुळगुळीत शीट टाका. अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतीला लागून प्लास्टिक शीट विकणारी दुकानं असतात. तिथे एचडीपीईची शीट मागायची, किमान आठ मिलिमीटर जाडीची. पातळ शीट उन्हाने कडेला वर येते आणि मग पाय अडकतो. आठ बाय चारची अख्खी घ्यायची गरज नाही, चार बाय चारचा कटपीस एका माणसाला पुरतो. पायाखाली मात्र शीट नको, तुम्ही फरशीवर उभे आणि पक शीटवर. वरून थोडा सिलिकॉन स्प्रे मारला की पक बऱ्यापैकी बर्फावरच्यासारखा सरकतो.

गोलपोस्ट सहा फूट रुंद, चार फूट उंच. कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडून जीआय पाइपचा तेवढा चौकोन जोडून घ्या. जाळीसाठी अनेकांना द्राक्षबागेवरची पक्ष्यांची जाळी आठवते, आपल्याकडे ती मुबलकही आहे, पण पक तिला पहिल्याच दिवशी भोक पाडतो. क्रिकेटच्या नेटची जाड दोऱ्याची जाळी आणा आणि तिच्यामागे जुनी सतरंजी किंवा ताडपत्री सैल सोडा. सैल महत्त्वाची. ताणून बांधलीत तर पक उलटा तुमच्याकडे येतो.

आणि हो, पक फ्रीझरमध्ये ठेवा. थट्टा नाही. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगच्या सामन्यांतले पक गोठवलेले असतात, कारण थंड रबर कमी उसळतं. आपल्या एप्रिल-मेमध्ये तर पार्किंगच्या फरशीवर पक चेंडूसारखा नाचतो. सोललेल्या मटारच्या पिशवीशेजारी काळी चकती बघून घरात बोलणी बसतील, तेव्हा ती स्वच्छ धुऊन डब्यात ठेवा.

उभं राहणं

गुडघे वाकलेले, छाती वर, नजर वर. दोन हातांमधलं अंतर साधारण तुमच्या कोपरापासून मनगटापर्यंत. शॉटच्या वेळी खालचा हात आणखी थोडा खाली सरकतो. वरच्या हाताचं कोपर बरगड्यांना चिकटलेलं असेल तर सगळं तिथेच अडलं. दोन्ही हात पोटापासून पुढे, मोकळे हवेत. फोटो काढून बघा : वरचा हात आणि शरीर यांच्यामधून मागची भिंत दिसली पाहिजे.

रिस्ट शॉट : इथे मुक्काम करा

पक ब्लेडने ओढत आणून मनगटं वळवत सोडायचा, तो रिस्ट शॉट. पहिले तीन-चार महिने फक्त हा. २०२५ च्या एप्रिलमध्ये एनएचएलमधल्या अलेक्झांडर ओव्हेच्किनने वेन ग्रेट्स्कीचा ८९४ गोलांचा विक्रम मोडला, तो ८९५ वा गोलही रिंकवर आखलेल्या डाव्या वर्तुळाजवळून मारलेल्या रिस्ट शॉटवरच. ज्याच्या स्लॅप शॉटला, म्हणजे स्टिक मागे उचलून हाणलेल्या शॉटला, जग घाबरतं त्याची ही गत, तर आपण घाई कशाला करायची!

डाव्या बाजूने खेळणाऱ्याचं उदाहरण घेतो, उजव्यांनी उलट समजावं. डावा खांदा मागे, उजवा गोलकडे. पक ब्लेडच्या टाचेशी, म्हणजे दांड्याकडच्या भागात, आणि तुमच्या मागच्या, डाव्या पायाच्या रेषेत. वजन डाव्या पायावर. इथून पक ओढत पुढे आणायचा, मारायचा नाही. पक ब्लेडला सतत चिकटलेला. सुरुवातीच्या शंभरेक शॉटना जोर लावूच नका, नुसतं सरकवा आणि ऐका : ठक् असा आवाज आला तर पक ब्लेडवरून सुटून परत आपटला. खस्स असा एकसंध आवाज हवा.

पक पुढच्या पायाजवळ येतो तेव्हा खरी गोष्ट घडते. खालचा हात दांडा जमिनीकडे दाबतो, त्याच क्षणी वरचा हात आपल्या कमरेकडे ओढतो. एक दाबतो, दुसरा खेचतो. मधल्या दांड्याला वाकण्यावाचून इलाज उरत नाही. आणि हा दाब हाताचा नव्हे, वजन डाव्या पायावरून उजव्या पायावर जाताना छाती स्टिकवर येते, तिचा. पटत नसेल तर असं करून बघा. पक बाजूला ठेवा, ब्लेडचं टोक भिंतीच्या बुडाला टेकवा, शॉटच्या पवित्र्यात या आणि नुसत्या हातांनी दांडा वाकवा. मग हात तेवढेच ठेवून पुढच्या पायावर वजन टाका. दुसऱ्या वेळी दांडा किती वाकला ते डोळ्यांना दिसतं. हा सराव रोज दहा वेळा, दोन-दोन सेकंद धरून.

सोडताना मनगटं वळतात. खालच्या हाताचा तळवा आधी वर असतो, तो उलटून जमिनीकडे येतो. पक ब्लेडच्या टाचेपासून टोकाकडे गडगडत जातो आणि त्यामुळे स्वतःभोवती फिरत सुटतो. फिरणारा भोवरा जसा उभा राहतो तसा फिरणारा पक हवेत आडवा, सपाट राहतो. न फिरलेला पक पापडासारखा फडफडतो आणि कुठेही जातो. पकवर पांढऱ्या खडूने एक रेघ ओढा आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शॉट घ्या, तो फिरतोय की फडफडतोय ते लगेच कळतं.

शेवटी स्टिकचं टोक लक्ष्याकडे. खाली मारायचं तर टोक गुडघ्याखालीच थांबतं, वर मारायचं तर कमरेपर्यंत येतं. खांद्यावर गेलं तर तो क्रिकेटचा लॉफ्टेड ड्राइव्ह झाला.

चुका बहुधा याच निघतात. प्रत्येक शॉट आडव्या दांडीवरून जातो? वजन मागच्या पायावरच राहिलंय आणि तुम्ही मनगटाने पक उचलताय. दर वेळी अंगावरून आडवा, म्हणजे डाव्या खेळाडूचा उजवीकडे, जातो? उशिरा सोडताय. उलट बाजूला जातो तर फार लवकर. पक सरळ जातो पण मेलेला? हात जवळजवळ धरलेत, किंवा स्टिक तुमच्यासाठी जड आहे. आणि मागचा पाय शॉटनंतरही फरशीला खिळ्यासारखा ठोकलेला असेल तर बाकी काही तपासू नका, आधी तोच सोडवा. शॉटनंतर मागचा पाय सहज उचलता आला पाहिजे, हीच वजन पुढे गेल्याची खूण.

स्नॅप शॉट

रिस्ट शॉट ओढायला वेळ लागतो आणि सामन्यात तो वेळ कुणी देत नाही. म्हणून त्याच शॉटची मागची अर्धी वाट कापून टाकायची. पक पुढच्या पायाच्या थोडा मागे, अंगापासून हातभर दूर. ब्लेड पकपासून चार बोटं मागे घ्यायचं, पकच्या किंचित मागे जमिनीला दाबायचं आणि मनगटं सोडायची. दाब-खेच तीच, वळण तेच, फक्त सगळं एका झटक्यात. शॉटच्या आधी पक टोकाने एक वीत स्वतःकडे ओढलात तर आणखी मजा : गोलरक्षक ज्या कोनासाठी उभा होता तो कोनच बदलतो. माझ्या मते हौशी खेळाडूचे सर्वाधिक गोल या एका हालचालीतून येतात, आणि सराव सगळ्यात कमी तिचाच होतो.

बॅकहँड लोक टाळतात. दिवसाचे पंधरा-वीस मारत राहा, तंत्राचा फार कीस काढू नका. हात अंगापासून दूर आणि वजन पुढे, एवढं पाळलं तरी गोलरक्षकाला तो वाचता येत नाही.

स्लॅप शॉट : हात शिवशिवतात ते कळतं, पण

२०१२ मध्ये झडेनो चाराने एनएचएलच्या ऑल-स्टार स्पर्धेत ताशी १७५.१ किलोमीटर वेगाने स्लॅप शॉट मारला होता. हा व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेला असतो आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांना तोच मारायचा असतो. चारा सहा फूट नऊ इंच उंच, हे कुणी लक्षात घेत नाही.

स्लॅप शॉटमध्ये ब्लेड आधी पकला लागत नाही, पकच्या दोन-तीन इंच मागे बर्फाला लागतं. तिथे दांडा वाकतो आणि सरळ होता होता पकला घेऊन जातो. म्हणजे तत्त्व तेच, फक्त मोठं. पार्किंगच्या काँक्रीटवर हे केलंत तर झटका थेट मनगटात येतो आणि महागाची कॉम्पोझिट स्टिक एके दिवशी ब्लेडच्या मानेपाशी कडकन तुटते. करायचाच असेल तर शीटवर, स्टिक कमरेच्या वर न उचलता, खालचा हात दांड्याच्या मध्यावर. चौदा वर्षांखालच्या मुलांना तर मी हा शॉट बर्फावर जाईपर्यंत शिकवतच नाही.

नेम

भांड्यांच्या मोडीतून चार जुन्या स्टीलच्या ताटल्या आणा, कडेला भोक पाडा आणि तारेने गोलच्या चार कोपऱ्यांत लटकवा. मधोमध खाली, गोलरक्षकाच्या दोन पायांमधल्या फटीसाठी, एक वाटी. कागदी लक्ष्यापेक्षा ताटली बरी, कारण ठण्ण आवाज आला की मुलाला कुणी शाबासकी द्यावी लागत नाही, तो स्वतःच पुढचा पक घेतो. चुकला की मुकाट सतरंजीत धप्. शेजारच्या आजींना दुपारी झोपू द्यायचं असेल तर ताटलीच्या मागे सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवा.

कोपरा कुठला निवडायचा? बहुतेक गोलरक्षक झेलायचा ग्लोव्ह डाव्या हातात घालतात आणि उजव्या हातात चौकोनी ब्लॉकर व स्टिक असते. ब्लॉकरने पक पकडता येत नाही, परतवता येतो. त्यामुळे त्या बाजूला, बर्फाला घासत मारलेला शॉट अडला तरी रिबाउंड, म्हणजे अडून परत आलेला पक, मिळायची आशा असते. वरचा कोपरा दिसायला देखणा, पण चुकला की पक मागच्या काचेवर आपटून समोरच्या संघाच्या हातात. रोजच्या सरावात दोन तृतीयांश शॉट खालच्या ताटल्यांवर ठेवा. आणि पकाकडे न बघता मारा. ब्लेडवर पक आहे हे हाताला कळायला हवं, डोळे ताटलीवर.

आठवड्याचा बेत

आठवड्यातले चार दिवस, दिवसाला साठ ते ऐंशी शॉट, दहा-दहाच्या गटात, प्रत्येक गटानंतर मिनिटभर थांबून. मनगट दुखायला लागलं की बंद. थकलेल्या हाताने मारलेले पुढचे पन्नास शॉट चुकीची सवयच पक्की करतात. रविवारी एकदा बाजूने व्हिडिओ घ्या आणि तीन जागी थांबवून बघा : पक सुटायच्या आधी दांडा वाकलाय का, वजन पुढच्या पायावर आहे का, डोकं वर आहे का. तिन्ही एकदम दुरुस्त करू नका, आठवड्याला एक.

ताकदीसाठी वेगळं काही विकत आणायला नको. नाशिकच्या जुन्या व्यायामशाळांत मुद्गल असतात. ते फिरवताना मनगट, कंबर आणि खांदा एकत्र काम करतात, इथे तेच हवंय. जोडीला एका पायाच्या बैठका, आणि काठीला दोरीने अर्धी वीट बांधून ती मनगटांनी गुंडाळत वर आणणं. दहा-बारा औंसांचे जड पक मिळतात, ते मोठ्यांनी हात गरम करायला दहाएक शॉटपुरते वापरावेत. लहान मुलांना ते देऊ नका. त्यांच्यासाठी चार औंसांचा निळा पक असतो, ११३ ग्रॅमचा, आणि त्याने तंत्र लवकर बसतं.

बर्फावर जाताना

फरशीवर बूट पकड घेतात, बर्फावर घेत नाहीत. तिथे वजन ढकलायला स्केटची आतली धार बर्फात रुतावी लागते, नाहीतर पुढे जोर लावताच मागचा पाय निसटतो. म्हणून जायच्या आधीचे दोन महिने निम्मा सराव इनलाइन स्केट्सवर करा, पकाऐवजी तळाला गुंड्या असलेला हलका इनलाइन पक घेऊन, आधी उभं राहून, मग हळू सरकत, मग चालत्या वेगात. रस्त्यावर नको. शाळेचं बास्केटबॉल कोर्ट किंवा स्केटिंगचं रिंक गाठा.

देहरादूनला हिमाद्री हे बंदिस्त रिंक आहे, २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधलेलं, २०२५ मध्ये ते पुन्हा सुरू झालं. लडाखमधला हंगाम साधारण डिसेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत असतो, गोठलेल्या तळ्यांवर आणि लेहच्या रिंकवर. २०२५ मध्ये आशिया कपमध्ये कांस्यपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघातल्या बहुतेक जणी याच बर्फावर वाढलेल्या. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. पहिले दोन दिवस स्टिकला हात लावू नका, पाणी प्या आणि पडून राहा. तिसऱ्या दिवशीही आधी नुसतं स्केटिंग. तळ्यावरचा बर्फ खडबडीत असतो, पक उड्या मारतो, तेव्हा ओढलेल्या लांब रिस्ट शॉटपेक्षा स्नॅप शॉट जास्त लागू पडतो.

प्रवासात स्टिक सामानात द्यावी लागते. दोन स्टिक ब्लेड उलटसुलट करून एकत्र बांधा, ब्लेडना जुन्या चादरीत गुंडाळा, आणि कापडी टेपचा एक कोरा रोल सोबत ठेवा. ब्लेडला टाचेपासून टोकाकडे टेप गुंडाळायची, थरावर थर अर्धा चढवत. इलेक्ट्रिशियनची चकचकीत टेप चालत नाही, तिच्यावरून पक साबणासारखा निसटतो.